शुभेच्छा कार्डावर नेमकं काय लिहायचं? चार ओळींत मनातलं सांगण्याची सोपी रीत, प्रसंगानुसार नमुन्यांसह

गावात कुणाचा वाढदिवस असला की सकाळी सहापासून ग्रुपवर केकचे फोटो यायला लागतात. एकाच केकचा फोटो अकरा जणांनी टाकलेला असतो. ज्याचा वाढदिवस तो दुपारी सगळ्यांना मिळून एकदाच हात जोडलेलं चित्र टाकतो आणि विषय संपतो. त्यातला एकही मेसेज दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात राहत नाही.

पण कधी कधी वेळ अशी येते की फॉरवर्ड मेसेजवर भागत नाही. बहिणीचं लग्न असतं, शाळेतले गुरुजी निवृत्त होतात, मित्राचे वडील जातात. समोर कार्ड असतं किंवा हातात मोबाईल असतो आणि "हार्दिक शुभेच्छा" लिहून झालं की पुढं गाडी अडते. मनात पुष्कळ असतं, पण कागदावर काय उतरवायचं ते सुचत नाही. "आपल्याला नाही बाबा असलं लिहिता येत" म्हणून बरेच जण तिथंच थांबतात.

खरं सांगायचं तर यासाठी कवी असावं लागत नाही. कोणत्या प्रसंगाला काय लिहावं, काय टाळावं आणि पत्ता, मायना, शुद्धलेखन कसं सांभाळावं, ते सविस्तर बघूया.

आजीच्या ट्रंकेतलं पोस्टकार्ड

माझे आजोबा मुंबईला गिरणीत कामाला होते आणि आजी गावी. आजी गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा लुगड्यांच्या घडीखाली एक पोस्टकार्ड सापडलं. त्यावर पाचच वाक्यं होती.

"पैसे पाठविले आहेत. धाकटीचा खोकला गेला का ते कळवावे. पाऊस लागण्याआधी मागची भिंत लिंपून घ्यावी. तू एकटीने विहिरीचे पाणी ओढू नकोस. दिवाळीला येतो."

आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमननं किंवा शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोरानं ते वाचून दाखवलं असणार. तरीही तिनं ते कार्ड सगळी हयात सांभाळलं. त्यात प्रेमाचा एकही शब्द नाही, शेरोशायरी तर नाहीच. पण "तू एकटीने पाणी ओढू नकोस" हे वाक्य जगात फक्त तिच्यासाठी लिहिलेलं होतं. दुसऱ्या कुणाला ते पाठवून चाललं नसतं.

चांगल्या मेसेजची ओळख हीच. लिहून झाल्यावर स्वतःला विचारा, नाव बदलून हाच मेसेज दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का? येत असेल तर तो अजून कच्चा आहे.

तीन गोष्टी, चार ओळी

मेसेज लिहायला बसताना तीनच गोष्टी ठरवा.

पहिली म्हणजे हाक. त्या माणसाला तुम्ही रोज ज्या नावानं बोलावता, तेच लिहा. "आदरणीय भगिनी" असं सख्ख्या बहिणीला कुणी म्हणत नाही. ताई, अक्का, दादा, अण्णा, तात्या, वहिनी, मामी, जी हाक तोंडात आहे तीच कागदावर येऊ द्या.

दुसरी म्हणजे एक आठवण. एकच, पण नेमकी हवी. "तू माझ्यासाठी खूप काही केलंस" यातून डोळ्यांपुढं काहीच उभं राहत नाही. "माझी फी भरायला तू कानातले गहाण ठेवलेस" म्हटलं की सगळं उभं राहतं.

तिसरी म्हणजे पुढची गोष्ट. त्या माणसासाठी तुम्हाला काय हवंय किंवा तुम्ही काय करणार आहात ते लिहा. "काही लागलं तर सांग" यापेक्षा "सोमवारी येतो" हे भारी पडतं.

बस. चार-पाच ओळींत हे बसतं. शेवटी स्वतःचं नाव किंवा नातं लिहायचं.

सुचत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. तो माणूस पारावर तुमच्यासमोर बसलाय असं समजा आणि मोठ्यानं बोला. जे तोंडातून येईल ते जसंच्या तसं लिहा. बोलीभाषेत आलं तर तसंच राहू द्या. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, जी घरात बोलता तीच कार्डावर शोभते.

कार्ड आलं कुठून?

छापील शुभेच्छा कार्डाची गोष्ट मोठी गमतीची आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या अधिकाऱ्याला नाताळात इतक्या लोकांना पत्रं लिहायची होती की वेळच पुरेना. त्यानं जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याची हजारभर कार्डं छापली. हे जगातलं पहिलं विक्रीचं नाताळ कार्ड मानलं जातं. म्हणजे छापील कार्ड जन्माला आलं तेच वेळ वाचवायला! पण त्या कार्डावरही पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव हातानं लिहायला जागा कोरी ठेवलेली होती. छापलेला मजकूर सगळ्यांसाठी असतो, कोरी जागा त्या एका माणसासाठी असते. आजही कार्ड विकत आणलं तर ती कोरी जागा वाया घालवू नका.

आपल्याकडं पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी. किंमत पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा. जागा थोडी आणि पाठ उघडी, त्यामुळं लोक मोजकं लिहायला शिकले. पुढं लग्नकार्याला तार करायची पद्धत पडली. तारेचे पैसे शब्दांवर होते, म्हणून तार खात्यानं शुभेच्छांची वाक्यंच तयार करून त्यांना नंबर दिले होते. फॉर्मवर नंबर लिहिला की पलीकडं पूर्ण वाक्य पोहोचायचं. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

मोबाईलवरचा जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. साधन बदलत गेलं, पण माणसाला सगळ्यात आधी शुभेच्छाच पाठवाव्याशा वाटल्या.

प्रसंगानुसार नमुने

खालचे नमुने जसेच्या तसे उतरवून पाठवू नका. रीत बघा आणि स्वतःची आठवण त्यात घाला.

आईचा वाढदिवस

आपल्याकडं जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती. खरा दिवस कुणालाच ठाऊक नाही. म्हणून वाढदिवस करायचा नाही असं थोडंच आहे?

"आई, आधार कार्डावर तुझी १ जून आहे. खरी तारीख आजीबरोबर गेली. म्हणून आम्ही ठरवलंय, आजचा दिवस तुझा. आज चुलीपुढं बसायचं नाही आणि पहिला घास तू खायचा. तुझी, धाकटी."

मित्राचा वाढदिवस

"गण्या, बारावीच्या पेपरला माझी एसटी चुकली तेव्हा तू सायकलवर डबलसीट नेलंस. चढाला उतरूसुद्धा दिलं नाहीस. पेपर मिळाला तो तुझ्यामुळं. आजचा चहा माझ्याकडून. वाढदिवसाच्या शुभेच्छा, गड्या."

बहिणीचं लग्न

सासरी जाणाऱ्या मुलीला सगळेच सुखाचा संसार कर म्हणून सांगतात. पण माहेरचं दार उघडं आहे हे कुणीतरी लिहून द्यावं लागतं. अडचणीच्या वेळी तिला तोच आधार वाटतो.

"ताई, ओढ्याला पाणी आलं की तू माझं दप्तर डोक्यावर घेऊन पलीकडं न्यायचीस. आता तुझं घर बदलतंय, पण हे घरही तुझंच आहे. चांगलं सांगायला फोन कर आणि वाईट सांगायलाही कर. वेळ बघू नको. तुझा, भाऊ."

मुलगी झाली तर

मुलगी झाली की बरेच जण समजूत काढल्यासारखं लिहितात. "पहिली बेटी" वगैरे म्हणी टाकतात, नाहीतर "पुढच्या वेळी" म्हणतात. ज्या घरी बाळ आलंय तिथं समजूत काढायचं कारणच नाही. आनंद झालाय, तेवढंच लिहा. आणि बाळंतिणीला विसरू नका.

"दादा, वहिनी, पोरीचा फोटो बघितला. नाक आपल्या आजीचं आहे! बारशाला नाव मीच ठेवणार, आत्याचा मान आहे. वहिनी, तुम्ही पोटभर जेवा आणि झोपा. घरातलं सगळं मी बघते."

नापास झालेल्या पोराला

निकालाच्या दिवशी पास झालेल्यांचे फोटो ग्रुपवर फिरतात. त्याच गल्लीत एखादं पोर खोलीचं दार लावून बसलेलं असतं. त्याला ग्रुपवर नको, एकट्याला मेसेज करा. उपदेश नको आणि दुसऱ्याच्या मार्कांची आठवण तर अजिबात नको.

"बाळा, निकाल कळला. घरात कुणी रागावलं असेल तर सांग, मी येतो. पुरवणी परीक्षेचा फॉर्म आपण दोघं मिळून भरू. गणिताला रोज संध्याकाळी माझ्याकडं ये. आज मात्र अभ्यास नको, जेवायला ये. काका."

इथं एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. पोर जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर मेसेज लिहीत बसू नका, ताबडतोब घरी जा. त्याला एकटं सोडू नका. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते. तिथं मराठीतही बोलता येतं.

गुरुजींची निवृत्ती

शाल, श्रीफळ आणि भाषणं होतातच. पण जुन्या विद्यार्थ्याचं हातानं लिहिलेलं कार्ड गुरुजी घरी गेल्यावर पुन्हा वाचतात.

"गुरुजी, सा. न. वि. वि. चौथीत सहलीचे पैसे नव्हते म्हणून मी पोट दुखतंय असं खोटं सांगितलं होतं. तुम्ही काही न विचारता माझं नाव यादीत घातलंत. रायगड मी तेव्हा पाहिला. पैसे कुणी भरले ते मोठेपणी कळलं. आता माझ्या लेकाला घेऊन रायगडला जातोय, तुम्हीही चला. आपला विद्यार्थी."

आजारी माणसाला

दवाखान्यात पडलेल्या शेतकऱ्याला दुखण्यापेक्षा गोठ्याची काळजी जास्त असते. "लवकर बरे व्हा" याच्या पुढं जाऊन त्याची काळजी कमी करणारं लिहा. आणि जे करणार असाल तेच लिहा.

"मामा, ऑपरेशन नीट झालं हे कळलं. दोन्ही म्हशींची धार मी काढतोय, डेअरीचं पुस्तक मामीकडं दिलंय. कांद्याला परवा पाणी दिलं. डॉक्टर म्हणतील तेवढे दिवस पडून राहा, इकडची चिंता नको."

कुणी गेलं असेल तर

सगळ्यात अवघड हेच. ग्रुपवर बातमी आली की "भावपूर्ण श्रद्धांजली" एकाखाली एक चिकटत जातं. ते चूक नाही. पण ज्याच्या घरी दुःख आहे त्याला वेगळा, एकट्याला मेसेज जाऊ द्या. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, नाव टाळू नका. "देवाची इच्छा", "वय झालं होतं", "सुटले बिचारे" हे लिहू नका. घरच्यांसाठी कुणीही वेळेवर गेलेलं नसतं. आणि मेसेजच्या शेवटी उत्तर द्यायची गरज नाही हे सांगा, म्हणजे त्यांच्यावर ओझं राहत नाही.

"सच्या, अण्णांनी मला पोहायला शिकवलं. कमरेला भोपळा बांधून ढकलायच्या आधी स्वतः पाण्यात उतरून उभे राहिले होते. विहीर दिसली की ते आठवतील. दहाव्यापर्यंत तुझ्या शेताकडं मी बघतो. उत्तर देऊ नकोस."

दुःखाच्या घरातला पहिला सण

ज्या घरी वर्षभरात कुणी गेलंय, तिथं आपल्याकडं सण करत नाहीत. अशा घरी रोषणाईचं चित्र आणि "शुभ दीपावली" गेलं की काळजात कळ उठते. सगळ्यांना एकदम मेसेज पाठवताना ही नावं आधी वेगळी काढा. पण त्यांना काहीच न पाठवणं हे त्याहून वाईट. सणाच्या दिवशी आपल्याला सगळे विसरले, असं त्यांना वाटतं.

"काकू, तात्या नसलेली ही पहिली दिवाळी. शुभेच्छा म्हणत नाही. आईनं पोरांसाठी फराळाचा डबा बाजूला काढलाय. पाडव्याला घेऊन येतो, थोडा वेळ बसू."

पीक गेलेल्या शेतकऱ्याला

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागात अतिवृष्टीनं पिकं गेली, जनावरं गेली, कुठं कुठं शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. पुढच्या महिन्यात दिवाळी आली आणि "भरभराटीची जावो" असे मेसेज त्याच शेतकऱ्यांच्या मोबाईलवर येऊन पडले. पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण वाचणाऱ्याला काय वाटलं असेल?

"भाऊ, सोयाबीन गेलं ते डोळ्यांनी बघितलं. भरभराटीची दिवाळी म्हणायला जीभ रेटत नाही. रब्बीला बियाणं माझ्याकडचं ने, ज्वारी आणि हरभरा दोन्ही आहे. भाऊबिजेला पोरांना घेऊन इकडं ये. तुझी अक्का."

बोलणं बंद झालेल्या भावाला

बांधावरून, वाटणीवरून भावाभावांत वर्षानुवर्षं अबोला असतो. फोन करायला मन धजत नाही, तिथं दोन ओळींचं कार्ड काम करतं. संक्रांत हा त्यासाठी हक्काचा सण. भांडण कुणामुळं झालं त्याचा हिशेब कार्डावर मांडू नका.

"दादा, मोजणी व्हायची तेव्हा होईल. आईनं तिळगूळ दोघांसाठी केलाय आणि तुझा वाटा वेगळा काढून ठेवलाय. मी न्यायला येऊ का तू येतोस?"

सीमेवरच्या भावाला राखी

"दादा, दोन राख्या पाठवल्यात. एक तुझी आणि एक तुझ्या शेजारच्या जवानाची, त्याची घरून आली नसेल तर. बोअरला पाणी लागलं. बाबांचा गुडघा बरा आहे, खोटं सांगत नाही. आमची काळजी करू नको. तुझी ताई."

फौजीच्या पाकिटावर त्यानं दिलेला पत्ता अक्षर न बदलता उतरवा. त्यात साधारण त्याचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ असं असतं. लष्करी टपालाचा पिनकोड ९ या आकड्यानं सुरू होतो. तो कुठं तैनात आहे त्या ठिकाणाचं नाव पाकिटावर लिहायचं नाही, आणि ते स्टेटसलाही टाकायचं नाही. राखी आठ-दहा दिवस आधी टाका, टपाल फिरून जातं.

मायना कसा लिहावा?

जुने मायने आता कमी झालेत, पण वडीलधाऱ्यांना अजून आवडतात. आईवडिलांना "तीर्थरूप" (ती.) लिहितात. आईवडिलांसारख्या मानाच्या दुसऱ्या माणसाला "तीर्थस्वरूप". लहानांना "चिरंजीव" (चि.) आणि मजकुराआधी "अनेक उत्तम आशीर्वाद". मोठ्यांना "सा. न. वि. वि." म्हणजे साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. शेवटी "कळावे, लोभ असावा" लिहिलं की पत्र पूर्ण होतं.

पती गेलेल्या बाईच्या नावाआधी "गं. भा." लिहायची जुनी पद्धत आहे. ते वाचून अनेकींच्या मनाला लागतं. सरळ "श्रीमती" लिहा, नाहीतर नुसतं काकू, मावशी, जे नातं असेल ते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर त्याच महिन्यात राज्य शासनानंही परिपत्रक काढून गावोगावी असं व्हावं म्हणून सांगितलं. कुंकू लावायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या घरी ठरेल, पण कार्डावरचा मायना बदलणं आपल्या हातात आहे.

हे शब्द हमखास चुकतात

मेसेज मनापासून असला की एखादी वेलांटी चुकली म्हणून बिघडत नाही. पण कार्ड छापायला किंवा बॅनरला देणार असाल तर एवढे शब्द तपासा.

वाढदिवस, हार्दिक आणि शुभेच्छा. यांतली दि पहिलीच.
दिवाळी लिहिताना दि पहिली, दीपावली लिहिताना दी दुसरी.
आशीर्वाद. "आर्शिवाद" नव्हे, रफार वा वर येतो.
श्रद्धांजली, निवृत्ती, दीर्घायुष्य, अभिनंदन.
भाऊबीज लिहिताना बी दुसरी, पण भाऊबिजेला लिहिताना बि पहिली.

आणखी एक मोठी चूक दरवर्षी होते. जयंती म्हणजे जन्मदिवस आणि पुण्यतिथी म्हणजे निधनाचा दिवस. पुण्यतिथीला "हार्दिक शुभेच्छा" कधीच लिहीत नाहीत, "विनम्र अभिवादन" लिहितात. घाईत फॉरवर्ड करताना हे हमखास चुकतं आणि मग दिवसभर गावात चर्चा होते.

मोबाईलवरून पाठवताना

टाईप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डची भाषा मराठी ठेवा आणि माईकचं चिन्ह दाबून बोला. बोललेलं मराठीत उमटतं. पाठवण्याआधी एकदा वाचा, कारण मोबाईल नावं आणि बोलीतले शब्द चुकीचे ऐकतो.

व्हॉट्सॲपवर चूक गेली तर १५ मिनिटांच्या आत मेसेज दाबून धरून तो दुरुस्त करता येतो.

साध्या बटणाच्या फोनवाल्यांना एसएमएस करत असाल तर लक्षात ठेवा, इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, पण मराठीत लिहिलं तर ७० च. काना, मात्रा, वेलांटीही त्यात मोजली जाते. त्याहून मोठं झालं की त्याचे दोन-तीन एसएमएस धरले जातात.

आणि सावध राहा. लग्नपत्रिका किंवा शुभेच्छा म्हणून अनोळखी नंबरवरून फाईल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असं असलं, तर ती उघडू नका. ती पत्रिका नसते, मोबाईलमध्ये शिरून बँकेची माहिती चोरणारं ॲप असतं. फोटो किंवा पीडीएफ अशा नावानं येत नाही. ओळखीच्या नंबरवरून आली तरी आधी फोन करून विचारा, कारण त्याचाच मोबाईल कुणी ताब्यात घेतलेला असू शकतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

पोस्टानं पाठवताना

कार्ड पाकिटात घालून पाठवणार असाल तर पत्ता पूर्ण हवा. नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि सहा आकडी पिनकोड. एकाच नावाची गावं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, म्हणून तालुका आणि पिनकोड विसरू नका. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली, आणि ती बसवण्याचं श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाला जातं. महाराष्ट्राचे पिनकोड ४ या आकड्यानं सुरू होतात. पाठीमागं स्वतःचा पत्ता लिहा, म्हणजे न पोहोचलेलं कार्ड परत येतं. पाकिटात नोटा घालू नका, पैसे द्यायचे तर मनीऑर्डर किंवा खात्यावर द्या.

आजच एक लिहा

ज्याला वाढदिवसाशिवाय, सणाशिवाय काहीतरी सांगायचं राहून गेलंय, असं एक माणूस प्रत्येकाच्या आयुष्यात असतं. अडचणीत उसने पैसे देऊन ज्यानं पुन्हा विचारलं नाही तो दुकानदार, रात्री बाळंतपणाला धावून आलेली आशाताई, शाळेपर्यंत सोडणारा रिक्षावाला काका. त्यांची आठवण आपण दुसऱ्यांना सांगतो, त्यांना स्वतःला सांगत नाही. आणि मग एक दिवस ती त्यांच्या दहाव्याला सांगावी लागते.

म्हणून आज रात्री जेवणं झाली की पाच मिनिटं काढा. वहीचं पान चालेल. आधी त्यांची हाक लिहा, मग ती एक आठवण, मग तुम्ही काय करणार आहात ते. खाली नाव घाला आणि उद्या सकाळी डेअरीला जाताना हातात देऊन या. लाज वाटली तर दाराच्या फटीतून सारा, पण द्या.

आणि तुमच्या घरी एखाद्या ट्रंकेत, पोथीत किंवा देवघराच्या खणात असं जुनं कार्ड असेल, तर त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. शाई उडत जाते. आमच्या आजीच्या कार्डावरची "दिवाळीला येतो" ही ओळ आता उन्हात धरल्याशिवाय दिसत नाही.